चौऱ्याण्णव ठेके

वहिनींचा दिवस पहाटे चार चाळीसला सुरू होतो. पावणेपाचला नाही. ती पाच मिनिटं त्यांना मनगटं शेकायला लागतात. गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून त्या उभ्या राहतात आणि बोटं नीट मिटायला लागली की मगच चहा ठेवतात. सव्वापाचला घराबाहेर, सहाला इस्पितळाच्या धुलाईघरात. एकतीस वर्षं हेच चाललं आहे. या एकतीस वर्षांत त्या दोनदा उशिरा पोहोचल्या. दोन्ही वेळा कारण माझा भाऊ होता आणि त्याने ते अजून मान्य केलेलं नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करायचो. आता निवृत्त आहे. लिहायची सवय दुरुस्तीच्या वहीमुळे लागली. काय बिघडलं, काय केलं, चाललं की नाही, एवढंच त्या वहीत असायचं. वहिनींबद्दलही तेवढंच लिहिणार आहे.

धुलाईघरात त्यांचं काम रोलरवर. ओल्या चादरीची टोकं दोघींनी धरायची, झटकायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी सरळ लावायची. बोट पुढे गेलं तर भाजतं, मागे राहिलं तर चादर तिरकी जाते. एका पाळीत सातशे चादरी होतात. मी एकदा डबा द्यायला गेलो असताना गंमत म्हणून एक टोक धरलं. चाळिसाव्या चादरीला माझे खांदे बोलायला लागले. समोरून वहिनी म्हणाल्या, "भावोजी, लिफ्टमध्ये बसून जावा खाली."

दुपारी अडीचला त्या घरी येतात. जेवण, अर्धा तास आडवं होणं, आणि साडेतीन ते पाच ड्रम मशीन.

ड्रम मशीन म्हणजे ताटाएवढी चपटी पेटी. वर रबराचे सोळा चौकोन. चौकोनावर बोट मारलं की ढोल, झांज, टाळी, जो नेमून दिला असेल तो आवाज येतो. ठोके एकदा बसवले की पेटी तोच ठेका वाजवत राहते आणि पोटात साठवून ठेवते. अठरा वर्षांपूर्वी मास्तरांच्या ऑर्केस्ट्रातला ढोलवाला दुसऱ्या शहरात गेला. मास्तर म्हणजे बाजा वाजवणारे आणि ऑर्केस्ट्राचे मालक. वहिनी तेव्हा एका लग्नात पाहुण्या म्हणून बसल्या होत्या. उठून म्हणाल्या, "मी वाजवते." मास्तर हसले. दादाही हसला. पुढच्याच आठवड्यात वहिनींनी बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राची जुनी मशीन घरी आणली आणि सहा महिने कानाला हेडफोन लावून सराव केला. मग कोणी हसलं नाही.

अठरा वर्षांत त्यांनी चौऱ्याण्णव ठेके बसवले. वर्षाला पाचेक. आकडा लहान वाटेल. पण एकेक ठेका त्या दोन-दोन महिने वाजवून, मोडून, परत बसवतात. तेविसावा सात ठोक्यांचा आहे. मास्तरांनी त्याला आधी लंगडा म्हटलं होतं. पुढे लोक तोच मागायला लागले, तेव्हा मास्तर माइकवरून सांगायचे, "आता आमचा खास ठेका." आमचा!

यातला एकही ठेका कागदावर नव्हता. सगळे मशीनच्या पोटात.

एका सोमवारी मशीन चालू केल्यावर पडद्यावर अक्षरं आली: बॅटरी संपत आली आहे. पुस्तिकेत लिहिलं होतं की आतली बॅटरी बदलताना साठवलेलं सगळं पुसलं जातं. आधी मिडीच्या वायरीने संगणकावर उतरवून घ्यावं.

मिडी म्हणजे एका वाद्याने दुसऱ्याला निरोप द्यायची पद्धत. वायरीतून आवाज जात नाही. कुठला चौकोन, किती जोरात, कुठल्या क्षणी, असे निरोप जातात. पोटातला अख्खा साठाही याच वायरीने निरोपांच्या रूपात बाहेर काढता येतो. संगणकावर त्यासाठी एक सॉफ्टवेअर लागतं. ते ठेके आणतं, दाखवतं, बदलू देतं आणि परत पाठवतं.

वहिनी मशीन पिशवीत घालून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. मी बरोबर होतो. पिशवी त्यांनीच धरली होती. दुरुस्तीवाला तिशीतला, चष्मा कपाळावर.

"काकू, हे भंगार झालं आता," तो म्हणाला.

"चालतंय की."

"चालतंय, पण बॅटरी बदलली की आतलं सगळं जाणार."

"आधी उतरवून घ्यायचं. हे बघा." वहिनींनी पुस्तिकेचं दुमडलेलं पान त्याच्यासमोर धरलं.

त्याने नाइलाजाने वायर जोडली, संगणकावर दोन-चार बटणं दाबली. पडद्यावर आलं, यंत्र सापडत नाही. घड्याळात मी पाहिलं, दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. "बघा. मेमरी गेलेली आहे. आणि कशाला जीव टाकता? तयार ठेके हजारांनी मिळतात, फुकट. नवीन घ्या, वजनाला हलकं असतं."

"मेमरी गेली, तर हे कोण वाजवतंय?" वहिनींनी बटण दाबलं. दुकानात ठेका सुरू झाला. चार्जर घ्यायला आलेला एक माणूस पाय हलवायला लागला.

"तसं नाही काकू, तुम्हाला यातलं कळणार नाही..."

"तुला कळलं असतं तर मी गप्प बसले असते. ती वायर केवढ्याला? ती दे, आणि माझी मशीन दे."

घरी पोहोचतो तोच मास्तरांचा फोन. बातमी बाजारातून त्यांच्यापर्यंत आमच्याआधी गेली होती. वहिनींनी फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला.

"ताई, शनिवारी पाचला कार्यक्रम आहे. मला धोका नको. मेहुण्याने लॅपटॉप घेतलाय, त्यात सगळं तयार असतं. तुमची मशीन ठणठणीत झाली तर या. नाहीतर आराम करा. वय झालं आपलं."

"तुमचं झालं. मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे," वहिनी म्हणाल्या आणि फोन बंद केला.

दादा पलंगावरून म्हणाला, "अगं, तो काही वाईट बोलत नाहीये. आराम तरी कर."

"तुम्ही करता तेवढा पुरे आहे घराला."

मी एक गोष्ट सांगितली. आतली बॅटरी मशीन बंद असतानाच खर्च होते. चालू ठेवली तर ठेके विजेवर तगून राहतील. वहिनींनी मशीन लावली, चालू केली आणि प्लगवर कागद चिकटवला: हात लावू नये. खाली बारीक अक्षरांत लिहिलं: तुम्हीसुद्धा.

मंगळवारी पावणेचारला आम्ही बसलो. लॅपटॉप पुतणीचा. ती नोकरीला दुसरीकडे गेली तेव्हा घरीच ठेवून गेली होती. त्याची मान मोडलेली, म्हणून पडदा डब्याला टेकवलेला. सॉफ्टवेअर तिने फोनवरून एकेक पायरी सांगत उतरवून दिलं. शेवटी म्हणाली, "आई, खरंच नवीन घेऊन टाक ना."

"तुला ताप आला तेव्हा मी नवीन मुलगी आणली का?" वहिनी म्हणाल्या.

माझी एक अट होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. लिफ्टमध्ये एकदम दोन गोष्टी बदलल्या आणि लिफ्ट चालली, तर खरा दोष कुठे होता ते कळत नाही. तो दोष परत येतो आणि तेव्हा आत माणूस असतो. वहिनींनी हे एका फटक्यात मान्य केलं. दादाला तीनदा सांगावं लागलं.

वायरीच्या दोन शेपट्या. एकीवर इन लिहिलेलं, दुसरीवर आउट. मशीनच्या पाठीवरही तेच दोन शब्द. आम्ही इनमध्ये इन घातलं, आउटमध्ये आउट.

"बरोबर," दादा म्हणाला. "ज्याची जागा त्याला."

बरोबर नव्हतं. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं. आम्ही तोंडाला तोंड आणि कानाला कान लावून बसलो होतो. शेपट्या उलट्या केल्या. वहिनींनी चौकोनावर बोट मारलं, तसा वायरीवरचा दिवा लुकलुकला आणि संगणकाच्या पडद्यावर एक ठिपका हलला. निरोप पोहोचत होता.

तरीही सॉफ्टवेअर म्हणे, यंत्र सापडत नाही.

"मग दिवा कोणासाठी लागतोय?" दादाने विचारलं. तो उपहासाने बोलला होता, पण प्रश्न चोख होता. मी तो वहीत लिहिला.

वायर लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात लावून पाहिली. लॅपटॉपवरचे बाकीचे सगळे प्रोग्राम बंद केले. लॅपटॉप बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून परत घातलं. वहीत अकरा ओळी झाल्या आणि अकराही ओळींपुढे फुली. पाच वाजले. वहिनी उठल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी सातशे चादरी होत्या.

बुधवारी दुपारी त्या कामावरून आल्या तेव्हा दादा चपला घालून दारातच उभा होता. माणूस बाहेर जायच्या घाईत असला की समजावं.

"काय केलंत?"

"काही नाही. सकाळी किटली लावायला जरा प्लग काढला होता. एक मिनिट. अर्धंच."

वहिनी जेवल्याही नाहीत. मशीनसमोर बसल्या आणि पहिल्यापासून एकेक ठेका लावून ऐकत गेल्या. पन्नास मिनिटं लागली. चौऱ्याण्णवाव्यावर त्यांनी बटणावरचं बोट उचललं. सगळे होते. मग त्या उठल्या, किटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भावोजी, ही शनिवारपर्यंत तुमच्या घरी."

दादाने चार दिवस गॅसवर चहा केला. तीनदा उतू गेला.

त्या दुपारी मी दादाचाच प्रश्न परत घेतला. दिवा लागतो म्हणजे मशीन बोलते. ठिपका हलतो म्हणजे संगणक ऐकतो. मग मशीन संगणकाच्या प्रश्नाला उत्तर का देत नाही? सॉफ्टवेअरमधलं सेटिंगचं पान आम्ही ओळीने वाचायला घेतलं. सातव्या ओळीत होतं, यंत्र क्रमांक: एक.

"क्रमांक?" वहिनी एकदम पुढे वाकल्या. "आमच्या मशीनचा क्रमांक नऊ आहे."

"कोणी दिला?"

"मी."

धुलाईघरात प्रत्येकीला नंबर असतो. वहिनींचा नऊ. कपाट नऊ, एप्रन नऊ, चहाचा कप नऊ. ज्या वस्तूवर नंबर नाही ती ढिगात जाते आणि मग ती कोणाचीच राहत नाही. अठरा वर्षांपूर्वी नव्याने घरी आलेल्या मशीनने एका पानावर क्रमांक विचारला, तेव्हा त्यांनी दुसरा विचारही न करता नऊ घातला. दुसऱ्या कोणी ते पान उघडलंही नसतं. ठोके कोणीही ऐकू शकतं, त्यांना क्रमांक लागत नाही. पण साठा मागायचा तर नंबराने हाक मारावी लागते. सॉफ्टवेअर दारात उभं राहून एक नंबरला हाका मारत होतं आणि नऊ नंबर शिस्तीत गप्प बसला होता. दुरुस्तीवाल्याकडेही हेच झालं असणार.

"एक करून टाका मशीनचा," मी म्हणालो.

"तिचा का म्हणून? त्याचा नऊ करा. काल आलंय ते घरात."

सॉफ्टवेअरमध्ये नऊ घातला. यंत्र सापडलं. वहिनींनी 'सगळं आणा' हे बटण दाबलं. आकडा चढायला लागला. दहा, वीस, तीस. दादाने टाळी वाजवायला हात वर केले आणि आकडा एकेचाळीसवर थांबला. अपूर्ण निरोप. आलेलं सगळं रद्द.

परत दाबलं. सदुसष्टवर थांबला. परत दाबलं. अडतीस.

"दुरुस्तीवाला म्हणत होता ते खरं दिसतंय," दादा हळूच म्हणाला. "आतच किडलंय."

मला इथे पहिल्यांदा बरं वाटलं. लिफ्ट रोज एकाच मजल्यावर अडकत असेल तर दोष त्या मजल्याचा. रोज वेगळ्या मजल्यावर अडकत असेल तर मजले बिचारे ठीक आहेत, ओढणारा कमी पडतोय. ठेके चांगले होते. वायर स्वस्तातली होती. एकेक ठोका तिला जमत होता, मोठं ओझं आलं की मध्येच सांडत होती. रिकामी लिफ्ट कुठलीही चालते.

वहिनींनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "तुझी वायर ओझं सांडते. चांगली आहे का?"

"आहे ना, पण मागवावी लागेल. दोन आठवडे."

"दोन आठवड्यांनी तुझ्या लग्नात वाजवते," म्हणत त्यांनी फोन ठेवला. मला विचारलं, "एकच ठेका मागवला तर येतो का?"

मागवला. आला.

"मग झालं. चौऱ्याण्णव खेपा."

"वहिनी, प्रत्येक खेपेला पाच-सहा बटणं आहेत."

"प्रत्येक चादरीला दोन टोकं असतात भावोजी. तुम्ही लिहा, मी दाबते."

गुरुवार, साडेतीन ते साडेसहा. वहिनी क्रमांक निवडायच्या, मागवायच्या, नाव देऊन ठेवायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "बारा." मी म्हणायचो, "बारा," आणि खूण करायचो. धुलाईघरात दोघी असंच बोलतात. सेहेचाळीसपर्यंत पोहोचलो. शुक्रवारी उरलेले. प्रत्येक ठेक्यानंतर सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवायचं, पूर्ण झाले. चौऱ्याण्णवाव्या वेळीही दाखवलं. मी वही मिटली.

"उघडा," वहिनी म्हणाल्या. "देताना मोजलं. घेताना कुठे मोजलं?"

"ते म्हणतंय ना, पूर्ण."

"वॉर्डवाले पण चिठ्ठीवर लिहितात, साठ चादरी. मोजल्या की अठ्ठावन्न निघतात. चिठ्ठीवर विश्वास ठेवला असता तर दोन चादरी माझ्या पगारातून गेल्या असत्या."

या मशीनमध्ये प्रत्येक ठेक्याला सारखीच जागा मिळते. तेव्हा संगणकावरची प्रत्येक प्रत सारख्याच मापाची भरायला हवी. आम्ही मापं तपासत खाली गेलो. सात ठेके उणे निघाले. त्यात तेविसावा होता. सॉफ्टवेअरने सातही वेळा बेधडक पूर्ण म्हटलं होतं.

मी बत्तीस वर्षं दुरुस्तीत घालवली आणि वही मिटली होती. हेही लिहून ठेवतो.

सात परत मागवले. तेविसावा चौथ्या खेपेला पुरा आला.

शनिवारी वहिनींनी सुट्टी टाकली. वर्षातली तिसरी. दहा वाजता मी हत्यारं घेऊन गेलो. मशीन बंद केली, प्लग काढला, पाठीचे आठ स्क्रू सोडवले. बॅटरी नाण्याएवढी. जुनी काढली, नवी बसवली, झाकण लावलं, मशीन चालू केली. पहिला ठेका: रिकामा. दुसरा: रिकामा. हे होणारच होतं, पण तरी वहिनींनी चौऱ्याण्णवपर्यंत जाऊन पाहिलं. सगळे रिकामे. त्यांचा हात मशीनवरून खाली मांडीवर आला.

"पाठवा," त्या म्हणाल्या.

वायरीला ओझं झेपत नाही हे आता माहीत होतं. सॉफ्टवेअरमध्ये दोन निरोपांच्या मध्ये थांबायची सोय होती. ते थांबणं वाढवलं आणि पाठवलं. पडद्यावर आलं, पाठवले. मशीनवर: रिकामा.

परत पाठवलं. रिकामा.

दादा पलंगावरून उठून आला. अगदी हळू म्हणाला, "गेलं का गं?"

"जाईल कुठे? इथे तर आहे." वहिनींनी लॅपटॉपवर बोट टेकवलं. "भावोजी, वही वाचा. बुधवारपासून."

मी वाचत गेलो. यंत्र क्रमांक या ओळीवर त्यांनी मला थांबवलं. मशीनचं ते पान उघडलं. तिथे एक होता.

बॅटरीबरोबर मशीन ठेके विसरली होती आणि आपला नंबरही विसरली होती. कारखान्यातून निघाली तशी कोरी झाली होती. वहिनींनी तिला परत नऊ दिला. पाठवलं. आता मशीन बोलली: लिहिण्यास बंदी आहे. हीही कारखान्याचीच सवय. चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून नवी मशीन कुलूप लावूनच येते. ते कुलूप त्याच पानावर तीन ओळी खाली होतं. वहिनींनी काढलं.

"एक," त्या म्हणाल्या.

"एक."

ठेका मशीनवर वाजला. दादा मटकन खुर्चीत बसला. त्याचे डोळे ओले होते, आणि ते कांद्यामुळे आहेत असं त्याने सांगितलं. घरात कांदा चिरलेला नव्हता.

चौऱ्याण्णव ठेके घालून, ऐकून, मोजून होईपर्यंत पावणेचार झाले. पाचला पाच कमी असताना वहिनी पेटी काखेत घेऊन हॉलवर पोहोचल्या. मी वायरी घेतल्या होत्या. मंचावर मेहुण्याचा लॅपटॉप मांडलेला होता. मास्तरांनी मशीनवरचे ठेके दोन-तीन ऐकून पाहिले आणि तोंडभर हसले.

"वा, ताई! मानलं. आणि आता हे संगणकावर आहेत म्हणता?"

"आहेत."

"मग प्रश्नच मिटला. फाईल द्या मेहुण्याला. लॅपटॉपमध्ये घालून टाकतो. तुम्हाला ही पेटी उचलायचा त्रास नको, उभं राहायचा नको. ठेके तुमचेच वाजतील की. तेविसावा तर हवाच."

"आणि मी?"

"तुम्ही बसा ना पहिल्या रांगेत! मानाने."

"मास्तर, उचलायचा त्रास होतो असं मी कधी म्हटलं?"

"नाही, पण..."

"अठरा वर्षं मी पीठ दळलं. आता आयत्या पिठावर तुम्ही रेघोट्या ओढणार आणि मी पहिल्या रांगेतून बघणार. ठेके माझ्याबरोबर येतात आणि माझ्याबरोबर जातात."

मेहुणा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला. मास्तरांचा आवाज बदलला. "स्पीकर माझे आहेत, ताई. हॉलवाल्याची ओळख माझी आहे. उद्यापासून ही पेटी कुठे वाजवणार? स्वयंपाकघरात?"

"उद्याचं उद्या. आज मी कबूल केलंय, आज वाजवते. तो लॅपटॉप बाजूला घ्या, मला जागा लागते."

त्या वाजवायला उभ्या राहिल्या. सव्वादोन तास, एकदाही बसल्या नाहीत. तेविसावा लोकांनी दोनदा मागितला, त्यांनी दोनदा वाजवला. मास्तरांनी माइकवरून सवयीने "आमचा" म्हटलं, तेव्हा वहिनींनी ठेका एक ठोका थांबवला. सगळा हॉल वळून बघायला लागला. मास्तर म्हणाले, "यांचा खास ठेका." मग ठेका पुढे चालला. कार्यक्रम संपल्यावर वहिनींनी वायरी गुंडाळल्या, मास्तरांना नमस्कार केला आणि परत त्या ऑर्केस्ट्रात गेल्या नाहीत.

मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला. दुसऱ्या वेळी मेहुणाच आला होता. तयार ठेक्यांवर गाणारी बाई अडखळते, असं म्हणत होता. वहिनींनी त्याला चहा दिला. फाईल दिली नाही.

त्यानंतर वहिनींनी रविवारची जादा पाळी धरली. रविवारी रोलरवर माणसं कमी असतात आणि ओझं तेच असतं. चार चाळीसला उठायचे दिवस आठवड्यात सहाचे सात झाले. दादाने कुरकुर केली. मग एका रविवारी न सांगता त्यांच्याआधी उठून पातेल्यात पाणी तापवून ठेवलं. पाणी उकळतं होतं, हात घालता आला नाही, तेव्हा वहिनींनी त्यात गार पाणी मिसळलं आणि हात बुडवले. आठ महिने एकही रविवार चुकला नाही. मनगटाला पट्टा आला. साडेतीन ते पाच मशीन सुरूच राहिली आणि पंच्याण्णवावा ठेका तयार झाला. बसवल्या दिवशीच तो संगणकावर उतरला. आता तिथे वहिनी एकट्याच असतात, मला बोलवत नाहीत.

धुलाईघरातली एक बाई निवृत्त होणार होती. दुपारी दोनला पाळी सुटल्यावर मागच्या अंगणात जमायचं ठरलं आणि वाजवायला वहिनींना सांगितलं गेलं. त्याच्या आदल्या सोमवारी त्या मला घेऊन बाजारात गेल्या. स्पीकरच्या दुकानात तीन तास घालवले. प्रत्येक जोडीवर स्वतःचे ठेके लावून ऐकले. दुकानदार कंटाळून हिशेबाला बसला. आठ महिन्यांच्या रविवारच्या पगारातून त्यांनी दोन स्पीकर घेतले, प्रत्येकी एकोणीस किलोचे. घरी तीन जिने वर एक मी नेला, एक त्यांनी. पावतीवर नाव त्यांचं आहे.